दाराबाहेरची गोगलगाय

ऑपरेशन थिएटरमागच्या सामानाच्या खोलीला कडी नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

ती सलाइनच्या खोक्यांवर बसली होती. हातात दूध काढायचा पंप, डोळे मिटलेले... आणि दार धाडकन उघडलं. समोर भूल देणारा डॉक्टर. त्याने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, गर्रकन पाठ फिरवली — आणि जायचं सोडून उंबऱ्यातच उभा राहिला.

"अहो, जा ना!"

"मी गेलो तर दुसरं कोणी येईल," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "दाराला कडी नाहीये. तुमचं होईपर्यंत मीच कडी."

किती दिवसांनी तिला हसू फुटलं.

हसण्यासारखं उरलं तरी काय होतं म्हणा! सर्जन व्हायचं शिक्षण अर्ध्यावर असताना तिला दिवस गेले. 'घर की थिएटर?' असं विचारणारा नवरा उत्तराची वाट न बघता निघून गेला. तान्ही ठकी दिवसभर आजीच्या मांडीवर असायची. विभागाचे प्रमुख, म्हणजे मोठे सर, तिच्या पोटाकडे बघून म्हणाले होते, "आता तुमचं वेगळंच ऑपरेशन, मॅडम!" सगळे खो खो हसले होते. तिच्याच वर्षातला एक धिप्पाड डॉक्टर, सगळे त्याला पैलवान म्हणत, त्याच सुमारास बाप झाला. सरांनी त्याची पाठ थोपटली, "जबाबदारी वाढली रे तुझी," म्हणाले आणि अवघड ऑपरेशनं त्याच्या हाती दिली. तिच्या वाट्याला जखमेची कड ओढून धरणं आलं. पाळणा दोघांच्या घरी हलला होता, पण अडचण म्हणे फक्त तिच्याच घरी आली होती.

त्या दिवसापासून भूल देणाऱ्याला दोन ऑपरेशनांच्या मध्ये हटकून उशीर व्हायला लागला. कधी मशीन पुन्हा तपासायचं असायचं, तर कधी बाहेर थांबलेल्या पेशंटशी गप्पा, "घाबरलात का आजोबा? बसू या थोडं." त्याने भूल दिल्याशिवाय सरांना चाकू लावता येईना. सर तडकायचे. "माणूस आहे की गोगलगाय?" नाव पडलं ते पडलंच. तिला मात्र तेवढ्यात खोक्यांवर जाऊन यायला निवांत वेळ मिळायचा.

"काय हो, इतके कसे मंद तुम्ही?" तिनेही एकदा चिडवलं.

"घाईघाईत माणसं झोपवू नयेत, टाचणीबाई." मास्कच्या वर त्याचे डोळे हसले.

"टाचणी?"

"बारीक, टोकदार... आणि हरवली की सगळं सुटतं."

एकदा ठकीला ताप आला म्हणून तिने रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "काल तुम्ही नव्हता ना, काय भराभर आटपलं सगळं! गोगलगाईला पंख फुटले होते."

थिएटरच्या त्या गारठ्यात तिचे कान तापले. त्याला तिने हात धुवायच्या नळापाशी गाठलं.

"तुम्ही माझ्यासाठी उशीर करता?"

"पेशंटला त्याचा काही त्रास नसतो. तो जागाच असतो तेव्हा."

"मी ते नाही विचारलं."

तो बराच वेळ हात धूत राहिला. "दमलेलं माणूस बघवत नाही मला," तो म्हणाला. "तू तर... अजिबातच नाही."

ते 'तू' तिने घरी नेलं. ठकीला थोपटताना ते पुन्हा पुन्हा आठवलं आणि तिला भीती वाटली. सुख इतकं जवळ आलं की तिला आताशा भीतीच वाटायची.

सोमवारच्या बैठकीत सरांनी सुनावलं: कामं रखडतात, तेव्हा गोगलगाईची रवानगी पलीकडच्या इमारतीत, डोळ्यांच्या विभागात. गुरुवारी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. तिचं पहिलं, स्वतःच्या हातचं. ज्यासाठी तिने आजवर सगळं गिळलं होतं, ते. समोरून गोगलगाईने तिला मान हलवून खुणावलं — गप्प बस.

ती उभी राहिली. "सर, उशीर माझ्यामुळे होतो. मुलीसाठी दूध काढायला मला वेळ लागतो. ते माझ्यासाठी थांबतात."

पैलवान स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मग तुम्हाला सवडच नाही, मॅडम," सर थंडपणे म्हणाले. "गुरुवारचं ऑपरेशन दुसरं कोणी करेल."

"आणि यांची बदली?"

"ती झाली."

"काय मिळवलंस?" बाहेर आल्यावर तो कळवळून म्हणाला. "तुझंही गेलं, माझंही."

"तू मंद नाहीस," ती म्हणाली. "तेवढं तरी सगळ्यांना कळू दे."

गुरुवारी पैलवान तिच्या जागी उभा होता आणि ती कड धरून. नवा भूलवाला चपळ होता. पित्ताशय संपतं न संपतं तोच पुढचा पेशंट टेबलावर. तिची छाती ठणकत होती, गाऊन आतून ओला झाला होता. तिने हातमोजे काढले.

"सर, मी जाऊन येते."

"आम्ही थांबणार नाही."

"नका थांबू."

सामानाच्या खोलीपाशी तो उभा होता. धापा टाकत.

"गोगलगाय? इतक्या लवकर?"

"जेवणाची सुट्टी... धावत आलो." त्याने दार उघडून धरलं, ती आत गेली, आणि तो पाठमोरा झाला.

भिंतीपलीकडून मशीनची टिकटिक सुरू झाली. ती खोक्यांवर बसून आवाज न करता रडली.

"सुरू केलं त्यांनी," तो दाराबाहेरून म्हणाला.

"ऐकलं. मला पुन्हा ऑपरेशन मिळेल रे कधी?"

"माहीत नाही." मग हळूच, "मला तू आवडतेस. ठकीही आवडेल, तिने चालवून घेतलं तर."

पंप घरघरत राहिला. तिने बाहीने डोळे पुसले.

"उत्तर द्यायला मला वेळ लागेल," ती म्हणाली.

दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला.

"लागू दे," तो म्हणाला. "मी थांबतो."