कपाळावरची जांभळी रेघ

खोलीत पाऊल टाकलं आणि ताई अशी थबकली, की हातातल्या ट्रेमधल्या काचेच्या बशा एकमेकींवर किणकिणल्या. खुर्चीत पाठमोऱ्या बसलेल्या तरुणाचं डोकं मागून नुकतंच भादरलेलं होतं, मान पांढरीफटक दिसत होती, आणि उजव्या कानामागे शर्टाच्या गुंडीएवढा काळा तीळ होता. लहानपणी त्या तिळावर बोट ठेवून ती म्हणायची, "हे बटण दाबलं की आमचा धाकटा हसतो." आणि तो खिदळायचाही.

आज तो हसला नाही. समोरच्या आरशात त्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुझी तर सुट्टी होती ना आज?"

सुट्टी होतीच. सोबतची बाई तापाने फणफणली म्हणून सकाळी सकाळी निरोप आला होता. तिची सुट्टी बघूनच त्याने ही तारीख घेतली होती, हे ताईला त्या क्षणी कळलं आणि काळजात काहीतरी खोल रुतलं... ज्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं, त्याने तिच्याच दवाखान्यात, तिच्याच पाठीमागे, एखाद्या चोरासारखं येऊन बसावं?

केस रोपणाच्या त्या दवाखान्यात तिला सहा वर्षं झाली होती. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेली केसांची मुळं भिंगाखाली धरून एकेक वेगळी करायची, थंड खारट पाण्याच्या बशीत रांगेने मांडायची, सुकू द्यायची नाहीत, हे तिचं काम. तिचा हात इतका हलका होता, की जुने मोठे डॉक्टर म्हणायचे, "ताई, तुमच्या हाताखालून गेलेलं मूळ कधी मरत नाही." त्याच मोठ्या डॉक्टरांकडे विशी-बाविशीतली मुलं रडवेली होऊन यायची आणि ते त्यांना औषध देऊन परत पाठवायचे. "तिशीला या," म्हणायचे. "तुमचे केस कुठवर जाणार आहेत ते आधी कळू दे. आज पुढे लावले आणि उद्या त्यामागचे गेले, तर मध्येच एक बेट राहील. आणि मागून काढलेले केस पुन्हा उगवत नाहीत. एकदा संपले की संपले."

पण मोठे डॉक्टर थकून घरी बसले होते. नवे डॉक्टर कुणालाच परत पाठवत नसत.

धाकट्याला हे सगळं तिने घरी दहादा समजावलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, चारी भिंतींना आरसे. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवताना स्वतःचं मागे सरकलेलं कपाळ त्याला चारही बाजूंनी दिसायचं. ताईला वाटलं, पोरवयातली हौस आहे, निवेल. आता त्याच कपाळावर नव्या डॉक्टरांनी जांभळ्या शाईने रेघ ओढली होती. भुवयांच्या वर जेमतेम तीन बोटांवर, शाळकरी मुलाच्या कपाळाला शोभेल इतकी खाली.

"ऊठ," ती म्हणाली.

"ताई, मी सही केलीय. तू बाहेर जा."

"एकवीस वर्षांचा आहेस तू. ही रेघ भरायला तुझं अर्धं डोकं मागून खणतील. पुढे काय करशील?"

"पुढचं पुढे बघू. मला आज हवेत."

"आज म्हणजे काय? कुणासाठी एवढी घाई चाललीय तुझी?"

त्याचे ओठ हलले, पण शब्द आत गेले. ताईने ट्रेमधला स्पिरिटचा कापूस उचलला, त्याची हनुवटी धरली आणि ती रेघ पुसून टाकली. एकदा, दोनदा... कातडी लाल होईपर्यंत.

दारात नवे डॉक्टर उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "चूक झाली म्हणा, ताई. मी दुसरी रेघ काढतो. भाऊ सज्ञान आहे तुमचा."

"भाऊ माझा आहे हे खरं. पण बाहेर बाकावर बसलेत ते कुणाचे तरी भाऊच आहेत. भुलीची सुई त्याच्या डोक्यात गेली तर मी आधी बाहेर जाऊन त्या सगळ्यांना सांगेन."

डॉक्टरांनी क्षणभर बाहेरच्या भरलेल्या बाकांकडे पाहिलं. मग धाकट्याची फाईल मिटली आणि दोघांनाही जायला सांगितलं. ताईला कायमचं.

अर्धवट भादरलेलं डोकं घेऊन धाकटा त्या बाकांमधून चालत गेला. लोक बघत होते. जिन्यात तो थांबला आणि वळून न बघताच म्हणाला, "आजपासून तू माझी कुणी नाहीस."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. ताईला वाटलं होतं, आई म्हणेल, बरं केलंस, पोराला वाचवलंस. पण आई हातातल्या फडक्याच्या उगाच घड्या घालत बसली, आणि पुटपुटली, "करू द्यायचं होतंस गं त्याला..."

तो घाव ताईच्या फार जिव्हारी लागला. बाबा गेले तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता, ती चौदाची. बाबांच्या जाण्याने त्या घरात कुणी ऊर फोडून रडलं नव्हतं. त्यांचा हात चालायचा. कशावरूनही चालायचा, आणि मध्ये पडायची ती ताईच. ते गेल्यावर घरात त्यांचा एकही फोटो राहिला नाही, कुणी त्यांचा विषयही काढला नाही. आईला बाहेरचं काम झेपेना, तेव्हा शिक्षण सोडून ताईने घर अंगावर घेतलं. आणि आज तीच आई म्हणते, करू द्यायचं होतंस.

धाकट्याने घर सोडलं. तीन महिन्यांनी दुसऱ्या गावच्या कुठल्याशा दवाखान्यात जाऊन त्याने हवं ते करून घेतलं. ही बातमी तिला शेजारणीकडून कळली.

नव्या डॉक्टरांनी चार ठिकाणी सांगून ठेवलं असावं, कारण ताईला त्या कामावर कुणी घेईना. शेवटी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिला जागा मिळाली. वाफेने भरलेल्या त्या लांबलचक खोलीत रक्ताच्या चादरी एका ढिगात, साध्या दुसऱ्या ढिगात टाकायच्या. केसाएवढं मूळ अलगद धरणारी बोटं सोड्याच्या पाण्याने भेगाळली. तिचं लग्न ठरत आलं होतं, औषधांच्या दुकानातल्या एका भल्या माणसाशी. त्याच्या घरच्यांनी विचारलं, दवाखान्यातून का काढलं? भावाचं नाव काढल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं, आणि आपल्या भावाची गोष्ट चार परक्यांच्या तोंडी द्यायला तिचं मन धजेना. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा त्यांनी त्यांना हवा तो अर्थ लावला, आणि बोलणी आपोआप थंडावली.

असंच पाच वर्षं चाललं. धाकटा आईला भेटायला यायचा तो ताई कामावर असताना. मग आईने अंथरूण धरलं. इस्पितळात रोज दुपारी तो यायचा आणि ताई दुसऱ्या दाराने निघून जायची. एकदा मात्र विसरलेली पिशवी घ्यायला ती परत फिरली आणि दाराच्या काचेतून तिने पाहिलं. तो आईच्या उशाशी वाकून बसला होता. कपाळावर दाट, काळेभोर केस. आईची काडीसारखी बोटं त्या केसांतून फिरत होती, पुन्हा पुन्हा, आणि आई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, तृप्त होऊन.

ताईच्या मनात त्या क्षणी जे दाटून आलं त्याची तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्याने ऐकलं नाही त्याला हे सुख, आणि जिने आयुष्य जाळलं तिच्या वाट्याला चादरींचे ढीग... पिशवी न घेताच ती खाली उतरली. आठवड्याभरात आई गेली. स्मशानातून दोघं दोन वाटांनी घरी गेली.

आणखी दोन वर्षांनी, एका दुपारी, धुलाईघराच्या दारात कुणीतरी टोपी घातलेला माणूस उभा राहिला. कामाची पाळी संपत आली होती. वाफेतून ताईला आधी नुसती आकृती दिसली.

"ताई."

सात वर्षांनी ती हाक आली होती. ती ओले हात पुसत बाहेर आली. मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला, त्याने टोपी काढली.

बघायला भिंगाची गरज नव्हती. कपाळावर ब्रशसारखी केसांची एक दाट पट्टी, तिच्यामागे सारं ओसाड, टाळूपर्यंत. आणि मागच्या बाजूला, जिथून केस काढले होते तिथे, कसर लागलेल्या लोकरीसारखे विरळ ठिपके, मध्ये मध्ये पांढरे वण. अठ्ठावीस वर्षांचा होता तो.

"तीन डॉक्टरांना दाखवलं," तो म्हणाला. "मागे आता काढण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले. तू म्हणालीस तसंच झालं."

हे वाक्य ऐकण्यासाठी ताईने सात वर्षं काढली होती. कितीदा मनातल्या मनात तिने ते त्याच्या तोंडी घातलं होतं. आणि आता ते आलं तर त्याला कसलीच चव नव्हती.

"का रे असं केलंस? थोडं थांबला असतास तर..."

"कसा थांबणार?" तो खाली बघत म्हणाला. "आईमुळे केलं मी."

"आईने सांगितलं तुला?"

"ती कशाला सांगेल. एका सकाळी मी अंघोळ करून आलो, ओले केस मागे सारलेले. कपाळ उघडं पडलं होतं. आई ओट्यापाशी होती. तिने वळून पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं पडलं. आणि ताई, तिने दोन्ही हात असे... डोक्यावर घेतले. मार चुकवायला." त्याने स्वतःचे हात डोक्यावर धरून दाखवले. त्याला ते खाली घेता येईनात. "मी तिच्याशी कधी मोठ्याने बोललोसुद्धा नव्हतो. नंतर ती हसली, भोवळ आली म्हणाली. पण त्या दिवसापासून ताट ठेवलं की ती दोन पावलं मागे सरायची. रोज. तिला स्वतःला ते कळतसुद्धा नसेल."

चादरीतून पाणी टपकत होतं.

"तू म्हणायचीस, तिशीपर्यंत थांब. मग नऊ वर्षं आईने माझ्याच घरात मला घाबरून राहायचं? मला केसांची कसली हौस होती? बाबांचं तोंड माझ्यावर चढत चाललं होतं, ते मला नको होतं."

"मला का नाही सांगितलंस हे? एका शब्दाने तरी..."

"कुणाला सांगणार? तूही माझ्याकडे बघणं सोडलं होतंस."

नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. आणि तिला ते दिवस आठवले. त्याच्याशी बोलताना तिची नजर त्याच्या शर्टाच्या खिशावर असायची. तो समोर बसला की तिला काहीतरी काम आठवायचं. चहा ती त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवायची. वाढत्या वयाच्या भावाशी असंच अंतर पडतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती. लहानपणी ज्या चेहऱ्यासमोर ती आईच्या आणि माराच्या मध्ये उभी राहिली होती, तो चेहरा हळूहळू उंबऱ्याच्या आत परत येत होता, आणि तिच्या अंगाला ते तिच्या आधी कळलं होतं. त्या दिवशी खुर्चीपाशी तिने त्याला सगळं सुनावलं. कुणासाठी एवढी घाई, असंही विचारलं. पण उत्तराला ती थांबली नव्हती, तिचा हात आधीच कापसाकडे गेला होता.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली.

"नाही, तुझं बरोबरच होतं. डोकं गेलंच माझं." तो तिच्या शेजारी टेकला. "पण शेवटी शेवटी तिने माझ्या केसांतून हात फिरवला, ताई. माझ्या तोंडाकडे बघून. तेवढ्यासाठी मला हे असलं डोकं चालेल."

ती रडली. ज्या दृश्यावर इतकी वर्षं ती जळत राहिली होती, तेच आता तिला असं परत मिळालं, की ते दोन्ही हातांत मावेना.

काही वेळाने तो म्हणाला, "सगळं काढून टाकायचंय. न्हाव्याकडे जायची लाज वाटते. ते वण बघून विचारतात."

"रविवारी घरी ये. मी काढते."

रविवारी सकाळी तिने गॅलरीत खुर्ची मांडली, त्याच्या खांद्यावर जुनी चादर गुंडाळली आणि मशीन हातात घेतलं. भेगाळलेली असली तरी बोटं आपलं काम विसरली नव्हती. वणांभोवतून ती अलगद गेली. मग पुढे येऊन तिने ती दाट पट्टी उतरवली. काळे केस चादरीवर पडत गेले, आणि त्याखालून कपाळ उघडं होत गेलं, रुंद, चौकोनी... शेवटचा पट्टा गेला आणि खुर्चीत बाबा बसले होते.

तिचा डावा हात आपोआप वर उचलला गेला, अर्ध्यावर. तिने मशीन खाली ठेवलं आणि कठड्याला धरून उभी राहिली.

धाकट्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. "झालो ना मी त्यांच्यासारखा?" त्याने विचारलं. "खरं सांग."

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. पण इतकी वर्षं न बोलण्यातच गेली होती.

"हो," ती म्हणाली. "अगदी."

त्याच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं. तिने खुर्ची ओढून त्याच्या समोर बसकण मारली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. तिचे हात कापत होते. त्याला ते जाणवत होतं, आणि तिने ते लपवलं नाही.

"डोळे उघड."

त्याने उघडले. ती बघत राहिली. नजर खाली वळू दिली नाही.

"मला थोडे दिवस लागतील," ती म्हणाली. "तू रोज येत जा."