सातवीच्या पाकिटातलं पेन

आरुषी हॉलच्या पायऱ्यांवर आडवी पडलेली सापडली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. ओठ पांढरेफटक, कपाळावर गार घाम आणि पुढ्यात ओकारी. दहा वर्षांची धडधाकट पोर, घटकाभरापूर्वी खुर्च्या मांडत होती. गौतमी धावत तिच्याकडे गेली.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"काय खाल्लंस बाळा?"

"नथिंग, आई."

"मग तोंडाला आंब्याचा वास कसला?"

आरुषीने मूठ उघडली. आत एक निळं पेन होतं. "द कॅप ओपन्स. देअर वर लॉलीज इनसाइड. आय हॅड थ्री."

"कुठून घेतलंस?"

"द पॅकेट्स. सातवीवालं."

पेनाच्या टोपणात इवल्याशा पिवळ्या गोळ्या होत्या. गौतमीने एक जिभेला लावली आणि तशीच थुंकली. गोडीच्या मागोमाग जीभ जळत होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी आरुषीला तपासलं, गोळी निरखली आणि सांगितलं की हे निकोटीन दिसतंय. इथल्या कुठल्याच दुकानात असल्या गोळ्या विकता येत नाहीत. पोरीची नाडी अजून पळत होती, पण धोका टळला होता. पोलिसांना त्यांनीच कळवलं.

धोका एकीचा टळला होता. पण बाकीच्यांचं काय?

आज चौदा एप्रिल. बाबासाहेबांच्या फोटोला हार न घालता एक वही, एक पेन वाहायचं, ही हॅमिल्टनच्या त्यांच्या मंडळाची रीत. वह्या-पेनं मार्चमध्येच गोळा करायची, पाकिटं बांधायची आणि हिंगोलीकडच्या एका वसतिगृहाला जयंतीच्या आत पोचवायची. यंदाही ती बॅग गौतमीचे सासरे राजाभाऊ घेऊन गेले होते. वजनात न बसलेली पाकिटं तेवढी हॉलवर उरली होती. वाटप तिकडच्या सकाळी दहाला, म्हणजे इथल्या साडेचारला. आता दोन वाजत होते.

राजाभाऊंचा फोन संपर्कक्षेत्राबाहेर. वसतिगृहाचा फोन वाजून वाजून बंद पडत होता. नवरा सुगत आरुषीच्या उशाशी बसून आलटून पालटून दोन्ही नंबर लावत राहिला, आणि गौतमी हॉलवर परत गेली.

हॉलवर दोघेच होते. मंडळाचा सेक्रेटरी विवेक पताका लावत होता. ऑकलंडच्या एका जाहिरात कंपनीतला हा मनमिळाऊ माणूस, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. दुसरे दीनानाथकाका, कोपऱ्यावरच्या डेअरीचे मालक. इथे डेअरी म्हणजे दुधापासून सिगारेटपर्यंत सगळं ठेवणारं दुकान. मंडळाला सर्वांत जास्त पेनं दरवर्षी त्यांचीच असायची. साहजिकच तिची नजर आधी त्यांच्याकडे वळली.

"काका, पेनं कुठून आणली होती?"

"वेअरहाउसमधून. का गं?"

"उघडून बघितली होती?"

"खोकं होतं तसं मंडळाच्या टबात, सगळ्यांच्या पेनांत ओतलं. तुझ्यासमोरच की." काकांचा चेहरा उतरला. "माझ्यावर संशय आहे का तुझा?"

विवेक मध्ये पडला. दानात आलेली वस्तू आपण कधी तपासतो का, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. खरंच होतं ते. बाबासाहेबांच्या नावाने कुणी काही दिलं तर ते उलटंपालटं करून बघणं मंडळात कुणाला शोभलं नसतं.

गौतमी मात्र आज काय शोभतं याचा विचार करणार नव्हती. हॅमिल्टनच्याच 'ते रापा' भागातल्या दूधभुकटीच्या कारखान्यात ती नऊ वर्षं दर्जातपासणी करत होती. माल बिघडला की तिथे आधी माणसं शोधत नाहीत, बिघाड कुठे कुठे पसरलाय ते बघतात. तिने सगळी पाकिटं जमिनीवर मांडली आणि इयत्तेप्रमाणे एकेक फोडली.

पाचवीच्या पाकिटांत साधी पेनं. नववी-दहावीतही साधीच. सहावी, सातवी आणि आठवीच्या प्रत्येक पाकिटात मात्र साध्या पेनाशेजारी ते निळं पेन, आणि एक घडी घातलेलं कार्ड. 'कोणती चव आवडली? आंबा, चिंच की पेरू? घरचा मोबाइल नंबर लिहा, बक्षीस मिळवा.'

ही कुणाची चूक नव्हती. कुणीतरी शांत डोक्याने बसून हे लिहिलं होतं.

"विवेकदादा, इयत्तेच्या चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"मीच. वसतिगृहाची यादी माझ्याकडे आली होती ना."

"कुठे लावल्या?"

"घरी. दोन दिवस पाकिटं माझ्याच गॅरेजमध्ये होती. का?"

दारात पोलिसांची गाडी थांबली. गौतमीने एक सातवीचं आणि एक नववीचं पाकीट उचललं.

"काकांनी निळी पेनं टबात टाकली असती, तर ती सगळीकडे पसरली असती," ती म्हणाली. "आपल्या पोरांनी हाताला येईल ते पेन उचलून पाकिटं बांधली. तेव्हा कुठलं पाकीट कुठल्या वर्गाला जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं. इयत्ता नंतर आली, चिठ्ठीबरोबर. मग ही पेनं तीनच वर्गांत कशी गेली? ज्याने चिठ्ठ्या लावल्या, त्यानेच ती घातली. यादी तुझ्याकडे होती. पाकिटं तुझ्याकडे होती. आणि असलं कार्ड लिहिणं हे तुझं रोजचं काम आहे."

विवेक हसायला गेला, पण ते जमलं नाही. तो खुर्चीत बसला.

"इथे सगळे दरवाजे बंद झालेत, वहिनी. आमच्या तंबाखूवाल्या क्लायंटला तिकडचा बाजार हवाय. बारा वर्षांचं पोर चवीला लागलं की पन्नास वर्षं आपलं." तो कामाबद्दल बोलावं तसं बोलत होता, आणि गौतमीला त्याचीच जास्त भीती वाटली. "एक छोटी चाचणी होती. यंदा पहिल्यांदाच."

"आपलीच पोरं सापडली तुला?"

"आपल्या बॅगा कुणी उघडत नाही," तो म्हणाला.

दीनानाथकाका भिंतीला टेकून खाली बसले. पोलीस आत आले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तेवढ्यात गौतमीचा फोन वाजला. राजाभाऊ होते. सुगतचा निरोप अखेर पोचला होता. बॅग कुलपात टाकली, एकही पाकीट फुटलं नाही, असं त्यांनी सांगितलं. गौतमीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण राजाभाऊ फोन ठेवीनात.

"मुलं ऐकत नाहीयेत गं. सातवी-आठवीतली पोरं कुलपाला लोंबकळलीत. एकजण रडकुंडीला आलाय. मागच्या वर्षीची गोड पेनं केव्हा देणार म्हणून विचारतोय." त्यांचा आवाज फुटला. "मागच्या वर्षी मीच वाटली होती. एकेकाला जवळ बोलावून, माझ्या हाताने."