वर अजून आहे बाई

सकाळी आमच्या होस्टेलात मोठा प्रश्न एकच असतो, टोस्टर कोणाच्या ताब्यात आहे. दोन कोरियन मुली, ब्राझीलचा एक ढोलवाला, पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारं म्हातारं डच जोडपं, सगळे पावाचे तुकडे हातात धरून त्या एका टोस्टरभोवती उभे असतात. रात्रभर एका खोलीत बंकवर वरखाली झोपून एकमेकांचं घोरणं ऐकलेली ही माणसं नावं मात्र विचारतात टोस्टरपाशी. मग कुणीतरी कॉफी उतू घालवतं, कुणीतरी हसतं आणि दिवस सुरू होतो.

मी फोर्तूना. नेपल्सच्या जुन्या गल्लीतल्या पाच मजली इमारतीत खालचे दोन मजले भाड्याने घेऊन हे होस्टेल चालवते. शिकले मी वीजकाम. दिवा लुकलुकला तर त्याला कारण असतं, ते शोधायचं, तार बदलायची, हात पुसायचे. याच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुणा पाहुण्याने फार पूर्वी निळ्या रंगात लिहून ठेवलं होतं, ‘इथे कुणी एकटं जेवत नाही.’ मी ते पुसलं नाही, आणि हळूहळू तो घराचा नियमच झाला. बटाटे सगळ्यांनी सोलायचे, पास्ता एका पातेल्यात, बसायचं एका लांब टेबलावर. नियमाला अपवाद एकच होता, पाचव्या मजल्यावरची म्हातारी दोन्ना एर्मिनिया. दोन्ना म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमचं भांडण केलं होतं. त्यामुळे भर दुपारी इमारतीच्या आतल्या चौकात, बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, तिची टोपली दोराने खाली यायची. आधी आवाज यायचा, मग टोपली.

उतर गं टोपली, जिना नको तुझ्या पायी
खालच्यांना सांग जरा, वर अजून आहे बाई

मी टोपलीत पाव ठेवायची, ताटात वांगी नाहीतर शेंगा. दोर वर जायचा, हात हात ओढल्यासारखा, मधे श्वास घ्यायला थांबत. दुसऱ्या दिवशी ताट धुतलेलं परत यायचं, रुमालात गुंडाळलेलं, लिंबाच्या सालीचा वास असलेलं.

“पाव कालचा होता गं!” ती वरून ओरडायची. “दातांनी तक्रार केलीय!”

“दात राहिलेत कुठे तुमचे, दोन्ना एर्मिनिया?”

“म्हणून तर तक्रार मला करावी लागते!”

चौकातली सगळी गॅलरी-मंडळी हसायची. एकदा म्हणाली, “पाव पाठवतेस, वांगी पाठवतेस. कधीतरी तूही बस की टोपलीत. दोघी मिळून जेवू.”

“दोर तुटेल.”

“हा? हा दोर मला पुरून उरेल, पोरी.”

तिच्या त्या हट्टी दोरावर आमचं होस्टेलही लटकलेलं होतं. इमारत एका कंपनीने घेतली होती. तिला तिथे झुंबरांचं हॉटेल करायचं होतं. तिसरा आणि चौथा मजला कंपनीने गोड बोलून, धाक दाखवून रिकामा केला. पण एर्मिनियाचा भाडेकरार आजोबांच्या काळचा. ती वर राहते आहे तोवर इमारतीला हात लावता येत नव्हता, आणि तोवर आम्हीही खाली होतो.

कंपनीचा माणूस पाल्यूका; त्याला सगळे दोत्तोरे, म्हणजे साहेब, म्हणायचे. सभ्य, गुळगुळीत, तोंडात पेपरमिंट, गळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा निळा रेशमी टाय. एकदा तो तिच्यासाठी केक घेऊन आला. तिने टोपली सोडली, केक वर घेतला, आणि थोड्या वेळाने डबा रिकामा खाली आला.

“केक छान होता, दोत्तोरे,” वरून आवाज आला. “आता जा.”

मार्चच्या शेवटी दोन्ना एर्मिनिया वारली. झोपेत, शांत. मी तिचा चेहरा पाहिला, चर्चमध्ये शेवटपर्यंत बसले. शवपेटी जिन्यावरून उतरवताना वळणावर अडकली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “बघा, अजून निघायला तयार नाही.” आम्ही रडता रडता हसलो.

पाल्यूकाही आला होता. काळ्या कोटात, टाय मात्र तोच. त्याच संध्याकाळी त्याने वरच्या दाराला कुलूप ठोकून सील लावलं, गॅलरीतली दोराची कप्पी काढून नेली, आणि माझ्या हातात नोटीस ठेवली. ऑगस्टअखेरपर्यंत जागा रिकामी करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कांदा चिरत होते. समोर काहीतरी हललं.

टोपली होती. रुमालात गुंडाळलेलं ताट, लिंबाचा वास. आदल्या आठवड्यात मी पाठवलेलं ते ताट.

गाणं नव्हतं. नुसती टोपली, आणि वर जाणारा ताठ दोर. मी वर पाहिलं तर ऊन थेट डोळ्यांत आलं. पाचव्या मजल्यापुढे काही दिसेना.

मी डेक्लनकडे वळले. डेक्लन आयर्लंडचा, लाल दाढीचा धिप्पाड गडी. आठवडाभरासाठी म्हणून आला आणि पलंगाच्या बदल्यात आमच्या भांड्यांशी लग्न लावून बसला.

“तुझे उद्योग आहेत का हे?”

“मी?” त्याचे दोन्ही हात साबणाच्या फेसात होते. “बाई गं, मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.”

दोराला झटका बसला. उशीर झाला की ती असाच द्यायची. माझ्या हाताने, मला न विचारता, पाव उचलून टोपलीत ठेवला.

मग मी माझं काम केलं, कारण शोधलं. वर गेले, सील जसंच्या तसं होतं. छपरावर जायचं लोखंडी दार गंजून भिंतीशी एकजीव झालेलं, ते उघडायला लोहार लागला असता. शेजारच्या छपरावरची पोरं विचारून झाली, त्यांच्या आयांनाही विचारून झालं. कारण सापडलं नाही. टोपली मात्र रोज दुपारी येत राहिली.

पाहुण्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ‘वर एक बाई आहे, तिला आधी वाढायचं,’ एवढंच जुने नव्यांना सांगत. डच आजोबांनी टोपलीत चीज ठेवलं. कोरियन मुलींनी मुळ्याचं लोणचं ठेवलं, तेव्हा ताट दोन दिवस परत आलं नाही. डेक्लन म्हणाला, “पचायला वेळ लागतोय.”

मीही हसले. घाबरायला हवं होतं, ते कळत होतं. पण त्या नोटिशीने मला इतकं संतापवलं होतं, की जे काही वरून येत होतं ते निदान आमच्या बाजूचं आहे, याचाच मला आधार वाटायचा.

जुलैत पाल्यूका आला, नेमका भर दुपारी. टोपली खिडकीसमोर लोंबत होती.

“वर कोण घुसलंय?”

“कुणी एकटं जेवत नाही,” डेक्लनने भिंतीकडे बोट दाखवलं.

पाल्यूका जिना चढला. मी मागोमाग. सील त्याने स्वतः तोडलं, कुलूप स्वतः उघडलं. आत कोंडलेला अंधार. फरशीवर धूळ, आणि धुळीत एकही पाऊल नाही. त्याने गॅलरीचं दार उघडलं. कप्पी नव्हती, दोर नव्हता. वाकून पाहिलं तर चौकात टोपलीही नव्हती.

फक्त लिंबाचा वास होता, आत्ता सोलल्यासारखा. तो त्यालाही आला असणार. पेपरमिंट चघळायचं थांबलं होतं.

आम्ही खाली आलो. टोपली खिडकीसमोरच होती.

पाल्यूकाने पाव कापायची सुरी उचलली, खिडकीबाहेर हात काढला आणि दोर कापला. टोपली चौकाच्या फरशीवर आपटून कलंडली.

दोराचं टोक क्षणभर तसंच राहिलं. मग वर निघालं. सावकाश, हात हात, मधे श्वास घ्यायला थांबत. टेबलावरची सगळी माणसं चमचे हातात धरून बघत राहिली, ते उन्हात विरघळेपर्यंत.

“जुनाट थेरं,” पाल्यूका म्हणाला, आणि नवं कुलूप लावायला वर गेला. जाताना टाय त्याच्या गळ्यात होता. मी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दोर आला, नुसताच. कापून उरलेला दोर खालपर्यंत पुरला नसता, म्हणून त्याला खाली जोड दिलेली होती. पांढऱ्या ठिपक्यांचा निळा रेशमी टाय, घट्ट गाठ मारून.

डेक्लन आधी हसला. मग त्याने हात पुसले आणि तो खुर्चीवर बसला.

मी फरशीवरची टोपली उचलली आणि त्या टायला बांधली. आजवर कुणी मला विचारलेलं नाही की का बांधलीस. विचारलं असतं तरी उत्तर एवढंच, विरुद्ध बाजूला पाल्यूका होता.

पुढल्या वेळी तो आला तेव्हा कॉलर उघडी होती.

“टाय कुठे गेला, दोत्तोरे?”

“घरी,” तो म्हणाला. “कपाटात होता.” त्याचा हात पुन्हा पुन्हा गळ्याशी जात होता. चौकाकडे त्याने पाठ केली होती. “सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पोलीस घेऊन येतो.”

त्या सोमवारच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर चमचा वाजवला.

“रिकामं घर कंपनीचं,” मी म्हणाले. “पण राहतं घर रिकामं करायला कोर्टात जावं लागतं, आणि आमच्या शहरात कोर्टात गेलेली गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकते. मी पाचव्या मजल्यावर राहायला चालले आहे. पलंग कोण उचलतं?”

सगळ्यांनी उचलला. अख्खा बंक, वरचा-खालचा, न सोडवता. डेक्लन पुढे, ढोलवाला मागे, डच आजी उशा घेऊन, आणि प्रत्येकाच्या तोंडी आपापल्या उच्चारात तेच गाणं. मीच त्यांना शिकवलं होतं. वळणावर बंक अडकला, तेव्हा आम्ही सगळे एकाच वेळी खो खो हसलो. मला पेटीची आठवण झाली, पण मी कुणाला सांगितलं नाही.

कुलूप मी माझ्याच पक्कडीने काढलं. धूळ झाडली, तार ओढली, दिवा लावला. गॅलरीत नवी कप्पी बसवली, नवा पांढरा दोर, नवी कोरी टोपली. आता वरची बाई मी होते. त्या रात्री गाढ झोपले.

सोमवारी दुपारी पाल्यूका दोन पोलीस घेऊन चौकात उभा राहिला.

“या वर, दोत्तोरे!” मी कठड्यावरून ओरडले. “पंचनामा करा! हे राहतं घर आहे!”

खाली पातेली बडवली जात होती. मी टोपली सोडली आणि पहिली ओळ म्हटली.

“उतर गं टोपली, जिना नको तुझ्या पायी—”

“वर अजून आहे बाई!” खालून सगळा चौक गर्जला.

पाल्यूकाने मान वर केली. जुलैनंतर पहिल्यांदाच.

त्याचा चेहरा धुतलेल्या ताटासारखा झाला. तो पोलिसांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि पाठमोरा न होता, एकेक पाऊल मागे टाकत, फाटकापर्यंत गेला. पोलीस खांदे उडवून त्याच्यामागे.

मी हात उंचावले. मला घाबरला! एका वीजकाम करणाऱ्या बाईला!

खालचा आरडाओरडा मात्र विरळ होत गेला. पातेली थांबली.

“फोर्तूना,” डेक्लनचा आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढासा आवाज. “ती दुसरी टोपली... तूच सोडलीस ना?”

तेव्हा मला कळलं. पाल्यूका माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्याच्या वर बघत होता.

माझ्या खांद्याशेजारी जुनी टोपली होती. तिच्यावर निळा टाय. टायच्या वर दोर.

माझ्या वर मजला नाही. कौलांची कड आहे, आणि मग आकाश.

मी वर पाहिलं नाही.

झटका बसला. ओळखीचा, उतावीळ.

मी आत गेले, माझा पाव आणला, अर्धा मोडला, टोपलीत ठेवला. ती वर गेली. हात हात, थांबत थांबत.

त्याला आता हिवाळा उलटला. प्रकरण कोर्टात आहे, आणि तिथे निवांत आहे. पाल्यूका पुन्हा आला नाही, कंपनीची पत्रं येतात तेवढीच. खाली टोस्टरवरून भांडणं होतात, बंक भरलेले असतात, टेबल भरलेलं असतं. त्या टेबलासाठी मी हे सगळं केलं आणि पुन्हा करीन. दुपारी मात्र मी वरच जेवते, कारण टोपली येते.

ताट धुतलेलं परत येतं. काही दिवसांपासून त्याच्याखाली आणखी एक ताट असतं. कोरं, न वापरलेलं. ते मी तसंच परत पाठवते. “नियम मला माहीत आहे, दोन्ना एर्मिनिया,” मी सांगते, मान वर न करता. “पण नियम माझ्या भिंतीवरचा आहे, तुमच्या तिथला नाही.” हट्ट तिच्याकडूनच शिकले आहे, तो तिच्यापुढे सोडणार नाही.

हल्ली टोपली थोडी वरच थांबते. आधी हात पुरायचा. मग टाचा उचलाव्या लागल्या. आता कठड्याला लावून एक स्टूल ठेवलं आहे. त्याचा एक पाय डुगडुगत होता, तो काल मी स्वतःच खिळा ठोकून पक्का केला.