परवाचं रक्त

मानसी राणे ऑफिसला दांडी मारून आली होती. बसल्याबरोबर म्हणाली, "लॅबवाल्यांनी माझ्या बाबांचं रक्त बदललंय. मला पुरावा हवाय."

प्रबुद्ध जाधवने चष्मा पुसला. वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटी आजारपणं हुडकून त्याने भांडुपला स्वतःची तपाससंस्था काढली होती, आणि आता त्याला त्या कामाचाही कंटाळा आला होता. कंटाळायचा नाही तो दादू, त्याचा मदतनीस. तो स्कूटर चालवायचा, टिपणं घ्यायचा आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

मानसीचे वडील सहदेव, वय चोपन्न. हृदय थकलं म्हणून छातीत पंप बसवलेला. त्याची वायर पोटातून बाहेर येऊन काळ्या पिशवीतल्या बॅटऱ्यांना जोडलेली. नव्या हृदयाच्या यादीत दीड वर्ष नाव.

"शरीरात कुठे दाह असला की रक्तातला सीआरपी वाढतो," मानसीने मोबाइल पुढे केला. "पंप बसल्यापासून बाबांचा दहाच्या खाली कधीच नाही. मागच्या महिन्यात सव्वीस. परवा घरून रक्त नेलं, आणि हे बघा. दोन!"

"चांगलं झालं की," दादू म्हणाला.

"काय चांगलं? वायरीजवळ लाल झालंय. अंगाला हात लावला तर चटका बसतो. हे जंतू रक्तात पसरले तर बाबा हातचे जातील."

"मग पुन्हा तपासा," प्रबुद्ध म्हणाला.

"बाबा हातच देत नाहीत! रिपोर्ट चांगला आलाय म्हणतात."

रक्त नेणारा सुयोग लॅबच्या दारातच भेटला. चार दिवसांची झोप राहिल्यासारखा दिसत होता.

"माझी काय चूक, साहेब? नेहमीचा माणूस रजेवर, मी पहिल्यांदाच गेलो. काका मास्क लावून खाटेवर पडले होते. त्या घरात सगळ्यांनाच मास्क, मलापण. नाव विचारलं, वय विचारलं, नळीवर लेबल तिथेच लावलं."

"काही त्रास?"

"छे, झकास शीर. एक मिनिट कापूस दाबला, रक्त बंद. बॅटऱ्यांची काळी पिशवी दाराजवळ खुंटीला होती, म्हणून खाटेवर बसायलापण जागा मिळाली."

"घरात आणखी कोण होतं?"

"आतून भांड्यांचा आवाज येत होता. कोण ते नाही बघितलं."

बाहेर आल्यावर दादू म्हणाला, "लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल झाली यार. एवढ्या नळ्या येतात तिथे!"

प्रबुद्ध "असेल" म्हणाला. नाही म्हणायचाही त्याला आळस आला होता.

दुपारी एक वाजता मानसीला घेऊन ते राण्यांच्या वन रूम किचनमध्ये पोचले. सहदेव खाटेवर, पिशवी खांद्याला. हनुवटीवरचा कापूस अजून लाल होत होता.

"सकाळी सातला दाढी करताना लागलं," तो म्हणाला. "पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत ना."

"पिशवी बाजूला ठेवता कधी?"

"कशी ठेवणार? वायर हातभर."

त्याचा धाकटा भाऊ अनंत दहिसरहून रोज सोबतीला यायचा. मानसी कामावर असताना तोच सगळं बघायचा. त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "माका काय म्हायत नाय. तो रक्त नेणारो इलो तेव्हा मी बाजारात होतंय."

प्रबुद्धने खुर्ची ओढली. "मानसी, नळ्या बदलल्या नाहीत. माणूस बदलला. तुझ्या बाबांच्या एवढ्याशा ओरखड्याचं रक्त सहा तास थांबत नाही, आणि परवाच्या माणसाचं सुईचं रक्त मिनिटात थांबलं. म्हणजे तो या गोळ्या घेत नव्हता. शिवाय त्याची पिशवी दाराजवळ खुंटीला होती. ती जादा बॅटऱ्यांची. सुयोग नवीन, त्याला काय कळणार? दिवसा या घरात दुसरा पुरुष एकच असतो."

"अनंतकाका?" मानसी उभी राहिली. "माझ्या बाबांना मारायला निघालात?"

"व्हय, मीच झोपलंय," अनंत रडायलाच लागला. "दादाक काय म्हायत नाय, बाय!"

"तेही खोटं," प्रबुद्ध म्हणाला. "खाट रिकामी कोणी केली? आत भांडी कोण वाजवत होतं? आणि पुन्हा रक्त द्यायला कोण नाही म्हणतंय?"

सहदेवने मान खाली घातली. "पवईचे एक जण होते, असाच पंप. सीआरपी वाढला म्हणून यादीतलं नाव थांबवलं. दोन महिन्यांत गेले. मला भीती वाटली. अनंताला मीच गळ घातली."

"अंगात जंतू असताना नवं हृदय बसवलं तर वाचाल?" प्रबुद्ध म्हणाला. "ते हृदय टिकावं म्हणून प्रतिकारशक्तीच दाबून टाकतात. आधी जंतू जायला हवेत, मग नाव पुन्हा लागतं."

तेवढ्यात मानसीचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली.

"बाबा, हॉस्पिटल. हृदय मिळतंय. दोन तासांत या म्हणतात. रिपोर्ट चांगला आहे, ताप वगैरे नाही ना, असं विचारतायत."

सहदेवने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"सहदेव राणे बोलतोय. तो रिपोर्ट माझा नाही. मला चार दिवस ताप आहे." त्याने पलीकडचं ऐकून घेतलं. दादूने नजर खाली वळवली. "हो, कळतंय मला. हृदय पुढच्याला द्या. मला भरती करून घ्या."

फोन परत देताना त्याने मुलीला विचारलं, "पुढचा कोण असेल गं?"

तिला माहीत नव्हतं. ती त्याचे कपडे भरायला लागली.