मोटर बंद करण्याची घाई

"हिसका नाही गं, आधी गोंजार! मोटरची दोरी हळू ओढ... आत चाकाचे दात लागले की बोटांना कळतं. मग दे जोर!"

बाबांचा हा आवाज तिच्या कानात अजून तस्साच होता. बाबा मात्र गेल्या हिवाळ्यात गेले. मागे उरली किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी, आणि मागच्या खोलीत गोणपाटात गुंडाळलेली होडीची मोटर. ती नोकरीला लांब गेली तसं त्यांनी पाण्यात जाणंच सोडलं होतं. आठ वर्षं झाली त्याला.

उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. मोटर चालू असेल तरच होडी घेणार म्हणालं होतं. होडी विकली की दुपारच्या गाडीने ती निघणार, मग इथे परत यायला काही कारणच उरणार नव्हतं. म्हणून तिने मोटर हातगाडीवर घातली आणि धक्क्यामागच्या मेकॅनिक काकांच्या वर्कशॉपपाशी नेली.

"काका आहेत का?"

बाकामागून एक चेहरा वर आला. गालावर ग्रीसचा पट्टा. काका नव्हेत, काकांचा पुतण्या. तोच...

"काका आता खुर्चीत बसून नुसत्या चुका काढतात. या कप्तान! आठ वर्षांनी रस्ता सापडला?"

"तू... तू तर शहरात होतास ना?"

"होतो. आलो परत. परत येणारेही असतात जगात."

टोमणा नेमका लागला. तिने ओठ दाबले. "मोटर बघतोस की मलाच सुनावतोस?"

"दोन्ही जमतं मला," तो हसला. अगदी तसाच, डावा गाल आधी.

त्याने प्लग काढला, आत तेलाचे चार थेंब सोडले, चाक हाताने हळूच फिरवलं. फिरलं! "जाम नाही झाली. गुणी पोर आहे." मग त्याने कार्बोरेटर उघडला आणि थांबला. तळाशी मधासारखा चिकट, तपकिरी थर साचला होता.

"हे काय गं? पेट्रोल आत ठेवूनच बंद केली?"

बाबांचा नियम दोघांनाही पाठ होता. धक्क्याला लागलं की पेट्रोलची नळी काढायची आणि आत उरलंसुरलं मोटरला पिऊ द्यायचं. तीन-चार मिनिटं फटफटून ती आपली आपण गप्प होते. तोवर होडीतून कोणी उठायचं नाही.

"शेवटची कोणी चालवली होती?"

"मी."

"म्हणजे त्या संध्याकाळी? आपण दोघं गेलो होतो, तेव्हा? तू कशी विसरलीस? तुझे बाबा तर तुझं उदाहरण देऊन मला शिव्या घालायचे!"

"घाई होती."

"कसली?"

ती बारीक तार घेऊन कार्बोरेटरचं भोक मोकळं करत बसली.

कसली घाई ते तिलाच माहीत होतं. भर खाडीत, मोटर गरजत असताना, तो तिच्याकडे वाकून म्हणाला होता, "जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर." तिने सगळं ऐकलं होतं. पण नोकरीचं पत्र पिशवीत होतं, सकाळची गाडी ठरली होती. तिने हसून कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली. ऐकू येत नाही! आणि धक्क्याला लागताच बटण दाबून मोटर बंद केली, उडी मारली, निघाली. ती चार मिनिटं बसली असती तर शांतता झाली असती, आणि शांततेत त्याने पुन्हा विचारलं असतं...

"एक सांगू?" तो मान खाली घालून स्क्रू पिळत होता. "त्या दिवशी मी काहीतरी विचारलं होतं. मोटरच्या आवाजात बुडालं."

"मग पुन्हा... का नाही विचारलंस?"

"सकाळी तू गेलीसच. पण खरं सांगू, बरंच झालं. ऐकूच गेलं नाही, म्हणजे नकार तर नाही ना मिळाला! तेवढ्यावर आठ वर्षं काढली बघ."

तारेचं टोक तिच्या बोटात रुतलं. हा त्याचा एवढासा आधार... तो काढून घ्यायचा? गप्प राहिलं तर उद्या दुपारी सगळं संपेल. त्याला दुखणार नाही. तिला दुखेल, तर दुखू दे. सवय आहे.

मोटर पाण्याच्या पिंपात उतरली. त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. सहाव्यांदा मोटर खोकली, निळा धूर ओकली आणि धडधडायला लागली. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडाली. आतून काका ओरडले, "जगली रे जगली!"

"झालं तुझं काम!" तो आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "उद्या टाक विकून!" तोंड हसत होतं. डोळे पिंपातल्या पाण्याकडे होते.

तिने मोटर बंद केली.

"अगं, चालू दे की जरा—"

"ऐकू आलं होतं मला," ती म्हणाली. "शब्दन् शब्द. उत्तर 'हो'च होतं रे... थांबले असते तर तोंडातून निघालं असतं, म्हणून पळाले."