तिसऱ्या दिवसाची चिठ्ठी

शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार असतो. बी.एड.च्या पहिल्याच आठवड्यात लीलाधर भंगाळेने हे वाक्य चार वेगवेगळ्या प्राध्यापकांकडून उतरवून घेतलं होतं. पण धुळ्याच्या एका हायस्कुलात, आयुष्यातल्या पहिल्या, इतिहासाच्या सराव पाठाला, नववीच्या वर्गासमोर उभं राहिल्यावर शिल्पकाराच्या लक्षात आलं, की आपण खडूच आणलेला नाही.

बाहेर १९९३च्या सप्टेंबरातली रिपरिप. वर पत्रा, खाली साठ पोरं, आणि शेवटच्या बाकावर निरीक्षणाला बसलेला एक सहाध्यायी — सावळा, उंच, ओल्या केसांचा. तो उठला, सावकाश पुढे आला आणि त्याने लीलाधरच्या तळहातावर खडूचा तुकडा ठेवला. ठेवताना बोटं जरा जास्तच वेळ थांबली... निदान लीलाधरला तसं वाटलं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्याने अकबराला दोनदा मारलं.

बी.एड.ला एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने मागे बसून त्याचे दोष वहीत लिहायचे, अशी पद्धत असते. संसारात हेच काम वहीशिवाय चालतं. त्या दिवशी आधार बैसाणेने लिहिलं : ‘प्रस्तावना ठीक. छात्राध्यापक खिडकीकडे फार बघतात.’

“मी खिडकीकडे बघत नव्हतो,” लीलाधर शाळेच्या पायरीवर त्याला म्हणाला.

“मग?”

“खिडकीजवळ... तुम्ही बसला होता.”

आधारने छत्री उघडली. “असं? मग वहीत दुरुस्ती करावी लागेल. खाली सरांची सही घेऊ.”

“नको, नको!”

“घाबरू नका, भो. गंमत करी राह्यनू.” आणि छत्री त्याने अर्धी लीलाधरच्या डोक्यावर धरली. त्यामुळे दोघंही अर्धे भिजले.

आधार साक्रीकडचा, त्यांच्या बौद्धवाड्यातला पहिला पदवीधर. लीलाधर यावलकडचा, केळीच्या बागांतला. दिवाळीपर्यंत दोघं ‘तू’वर आले. लीलाधर घरून केळी आणायचा; अख्ख्या होस्टेलला वाटून झाली तरी एक हमखास आधारच्या उशीखाली निघायचं. संध्याकाळी ते पांझरेच्या पुलावर उभे राहत — हात कठड्यावर, करंगळ्या दोन इंचांवर. ते दोन इंच ओलांडायला जानेवारी उजाडला. असल्या प्रेमाला त्या काळी नाव नव्हतं, असं नाही. नावं पुष्कळ होती. पण ती सगळी शिव्यांत मोडत.

जानेवारीत छात्रसेवाकाल आला. म्हणजे सहा दिवस अख्खी शाळा छात्राध्यापकांनी चालवायची आणि खऱ्या शिक्षकांनी उन्हात बसून शेंगा खायच्या. त्यांच्या गटाला दोंडाईच्याचं एक हायस्कूल मिळालं. लीलाधर छात्रमुख्याध्यापक झाला, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं.

गावात मिरचीचा हंगाम होता. जो तो खोकत होता. नववी-बमधला पुना वर्गात शिरला की मात्र पोरं खोकायची थांबत आणि टाळ्या वाजवत. ‘बायल्या’ हे त्याचं हजेरीपटाबाहेरचं नाव. कवायतीला त्याला मुलींच्या रांगेत उभं करत, आणि उभं करणारे सर स्वतःही हसत. पुना शाळेत पाणी पीत नसे. पाणी प्यालं तर मुतारीत जावं लागतं, आणि तिथे पोरं असतात.

आधारने हे सोमवारी पाहिलं. मंगळवारी तो दहावीच्या चार मुलामुलींना घेऊन लीलाधरच्या टेबलासमोर उभा.

“परिपाठातली दहा मिनिटं पाहिजेत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.”

“कशाला?”

त्यांतली कमल नावाची मुलगी बोलली. “सर, एक पेटी ठेवू. शाळेत आपल्याला काय नावं ठेवतात, ते ज्याने त्याने चिठ्ठीत लिहायचं. सही नको. बैसाणे सर रोज सकाळी पेटी उघडतील, आणि तुम्ही सगळ्यांसमोर वाचायचं. एकही चिठ्ठी गाळायची नाही. मग आम्ही पोरांशी बोलू.”

“काय बोलणार?”

“बायल्या असण्यात वाईट काय, ते विचारू. कोणाला सांगता येतं का, बघू ना.”

लीलाधरने आधारकडे पाहिलं. आधार नुसता हसला... आणि छात्रमुख्याध्यापकांनी परवानगी दिली.

गुरुवारी ‘चष्मिस’ निघाला, ‘ढब्बी’ निघाली. पोरं पोट धरून हसली. शुक्रवारी जातीवरून दिलेलं एक नाव निघालं; ते वाचलं जात असताना आधार जमिनीकडे बघत होता. हसणं कमी झालं. मग लीलाधरने पुढची उघडली : ‘माले बठ्ठा बायल्या म्हनतस. मी शाळामा पानी पेत नही.’

कमल पुढे आली. “यात शिवी काय ते ज्याला माहीत असेल, त्याने हात वर करा.”

चारशे पोरांत एकही हात वर झाला नाही.

“मग आता टाळी वाजवायची असेल, तर आधी आम्हाला येऊन समजावून सांगायचं.”

त्या मधल्या सुट्टीत पुना नळावर पोटभर पाणी प्यायला.

संध्याकाळी रेल्वे स्टेशनच्या बाकावर आधारची करंगळी लीलाधरच्या करंगळीवर आली आणि तिथेच राहिली.

“ती चिठ्ठी वाचताना तुझा आवाज कापत होता,” आधार म्हणाला.

“मिरची.”

“हां. मिरचीच.”

शनिवारी सकाळी पाच चिठ्ठ्या होत्या. पाचवी लीलाधरने उघडली : ‘भंगाळे सर आनि बैसाणे सर नवरा-बायको शेतस. स्टेशनवर दखं.’ शुक्रवारचा तो बाक कोणीतरी पाहिला होता.

समोर पोरांच्या रांगा. बाजूला खुर्चीवर खरे मुख्याध्यापक, शेंग फोडता फोडता थांबलेले. यावलला वडील. नववी-बच्या रांगेशेजारी आधार — सरळ त्याच्याकडे बघणारा. आणि आधारच्या मागे पुना.

“चष्मिस,” लीलाधर मोठ्याने म्हणाला.

कोणी हसलं नाही. चष्मिस गुरुवारीच होऊन गेला होता.

“सर, चिठ्ठीत हेच आहे ना?” कमलने विचारलं.

“हेच आहे.”

मागच्या रांगेतून एक टाळी वाजली, पुनासाठी वाजायची तशी. मग दुसरी. मग खूप. खऱ्या मुख्याध्यापकांनी हात वर करून शांतता केली आणि उरलेली शेंग खाल्ली. पुना त्या दिवशी नळाकडे न बघता घरी गेला.

दुपारी एस.टी. स्टँडवर आधार साक्रीच्या गाडीपाशी उभा होता.

“तू आधी वाचली होतीस ती?” लीलाधरने विचारलं.

“सकाळीच.”

“मग काढून का नाही टाकलीस?”

“एकही गाळायची नाही, असं ठरलं होतं.” आधारने पिशवी खांद्यावर टाकली. “आणि मला वाटलं... तू वाचशील. वाचून विचारशील, यात शिवी कुठे शे?”

“घरी कळलं असतं, आधार.”

“हो. माझ्याही.”

लीलाधरला खोकला आला. “मी मूकवाचन केलं रे. आणि मला ते... खरं वाटलं. बरं वाटलं वाचून.”

आधार गाडीच्या पायरीवर चढला. “माझंही तेच होतं, भो. पण मूकवाचन पुनाला कसं ऐकू जाईल?”

गाडी सुटली. उरलेलं वर्ष आधार दुसऱ्यांच्या पाठांना मागे बसला.

एप्रिलमध्ये छात्रसेवाकालाचे गुण लागले. त्यांच्या गटाला शंभरपैकी एकसष्ट मिळाले. आदल्या वर्षीच्या गटालाही एकसष्टच होते.