न दिसणारी बाजू

प्लास्टिकची बोट जुनी दाखवायची असेल तर तिला वॉश मारतात. वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग. तो खाचांत उतरतो, वरवरचा पुसून टाकायचा. कोरी बोट वर्षानुवर्षं मासे ओढून दमल्यासारखी दिसते. माझ्या चेहऱ्यावर हा इफेक्ट बारावीनंतर आपोआप आला.

बोट भावेशदादाची. खरी करंजा बंदरातून समुद्रावर गेलेली, दादा तिचा तांडेल, म्हणजे कप्तान. ही तिची वीतभर नक्कल, कामोठ्यातल्या आमच्या बाल्कनीत. केबिनला पाठ टेकून उभा राहणारा, पेराएवढा दादाही मी केला होता. निघण्याआधी त्यानं तो उचलून पाहिला.

"निक्या, पाठ रंगवलीच नाय माजी?"

"ती केबिनला चिकटणार. दिसत नाही ते रंगवायचं नाही, असा नियम आहे."

"नियम कसला, आलशी हायेस!"

मग वादळ झालं. बाकीच्या बोटी परतल्या, दादाची नाही. फोन लागेना. आई माझ्याशेजारी येऊन बसायची. मी रंगवत राहिलो, कारण हात थांबला की ती माझ्याकडे बघायची.

वॉश वाळला तेव्हा बोटीवर एक रेघ दिसली. घरात पाणी शिरून ओसरल्यावर भिंतीवर उरते, तशी. मी मारली नव्हती. थिनरनं पुसली. सकाळी ती डेकच्या वर होती, पांढरट.

आईनं बोटीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ हाय."

"हल्ली रंगात भेसळ फार," मी म्हणालो. माझाच विनोद, मलाही हसू आलं नाही.

दुपारी शोधायला गेलेल्यांचा फोन आला. दादाच्या बोटीवरचा डिझेलचा ड्रम सापडला होता. नुसता ड्रम.

संध्याकाळी रेघ छोट्या दादाच्या छातीवर होती. खाली न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर हॉर्न मारत होते. आई म्हणाली, "काड त्याला. वर काड."

मी चिमट्यानं त्याला सोडवला. जुना रंग काढायला थिनरमध्ये बुडवतात. बुडवणं बरं वाटलं नाही, कापसानं पुसला. मग सगळीकडून राखाडी प्रायमर. त्यावर चेहरा, हात, शर्ट. निळा संपला होता, म्हणून शर्ट हिरवा. शेवटी पुढून मॅट वार्निश. ते बसलं की आतलं काही हलत नाही. पुन्हा केबिनला चिकटवला.

रेघ वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो आणि बेल वाजली.

दारात दादा होता.

कोरडा. हिरव्या शर्टात. दादाकडे हिरवा शर्ट नव्हता.

"दादा, बाकीचे कुठं आहेत?"

तो हसला. छोट्या दादाला मी हसू काढलं होतं, तेवढंच.

आई रडत त्याच्या गळ्यात पडली. तिचे हात त्याच्या पाठीवर फिरले. मग थांबले.

ती मागे सरली. दादा भिंतीशी गेला आणि पाठ टेकून उभा राहिला.

आईनं तळवे पाहिले. राखाडी लागलं होतं.

तिनं दाराला कडी घातली.

"निक्या," ती हळूच म्हणाली, "कोनी बगायच्या आदी रंगव."